एडीएचडी असलेल्या मुलाचं वाचनात लक्ष कसं टिकवायचं: नवीन शिक्षक आणि पालकांसाठी, पायरी पायरीने

धडा वाचायला घेतला की पहिल्या दोन-तीन ओळी नीट जातात, मग डोळे पानावरच असतात पण मन कधीच निघून गेलेलं असतं, बोट ओळीवरून सरकत राहतं, पान उलटलं जातं, आणि काय वाचलंस असं विचारलं की मूल तुमच्याकडे नुसतं बघत राहतं. मग आपण म्हणतो, लक्ष दे. पण लक्ष देण्यासाठी नेमकं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, आणि ते त्याला आपोआप जमत नाही हाच तर त्याचा त्रास आहे.

मी शाळेत अशाच मुलांच्या वाचनाचं काम बघते. ज्यांच्या वर्गात पहिल्यांदाच असं मूल आलंय, किंवा ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच मुलाला एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्ष टिकवणं, स्थिर बसणं, स्वतःला आवरणं जड जाणं) आहे असं सांगितलंय आणि आता शाळेचं काय असा प्रश्न पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सगळं एकदम करायला जाऊ नका, क्रमाने घ्या, आणि पहिली पायरी तर अजिबात गाळू नका.

सुरू करण्याआधी थोडं समजून घ्या

एडीएचडी आहे म्हणजे मूल कमी हुशार आहे असं अजिबात नाही, आळशी आहे किंवा वळण लावलं नाही असंही नाही. कामाला हात घालणं, नको ते बाजूला सारणं, आत्ता वाचलेलं पुढची ओळ येईपर्यंत डोक्यात धरून ठेवणं, ही कामं करणारी मेंदूतली व्यवस्था या मुलांमध्ये उशिरा तयार होते. २००७ साली अमेरिकेत मेंदूच्या स्कॅनचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की मेंदूच्या बाहेरच्या थराचा बराचसा भाग बाकीच्या मुलांमध्ये साडेसात वर्षांच्या आसपास पूर्ण जाडीला पोचतो, एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये तो साडेदहाच्या आसपास पोचतो. तीन वर्षांचा फरक आहे हा. चौथीतल्या मुलाने चौथीतल्यासारखं बसून वाचावं अशी अपेक्षा धरताना हा फरक डोक्यात असू द्या.

जगभरात साधारण ५ टक्के मुलांना एडीएचडी असतं असं धरलं जातं, म्हणजे ४० च्या वर्गात एक-दोन मुलं असणारच. आणि ती सगळी बाकावरून उठणारी, मध्येच बोलणारी नसतात. काही मुलं, त्यात मुली बऱ्याच, शांत बसून खिडकीबाहेर बघत असतात, कुणाला त्रास देत नाहीत म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाहीत आणि पाचवी-सहावीत धडे लांब झाले की एकदम मार्क घसरतात तेव्हा घरी बोलावणं जातं. अशांकडे जरा जास्तच लक्ष ठेवा असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

निदान आपण करायचं नाही, ते डॉक्टरांचं आणि मानसतज्ज्ञांचं काम. त्यांच्या निकषांप्रमाणे लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, किमान ६ महिने टिकलेली असावी लागतात, आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. म्हणूनच डॉक्टर शाळेकडून माहिती मागतात, तेव्हा फॉर्म घाईत भरून देऊ नका प्लीज, त्यावर बरंच काही ठरतं.

आता तो नेहमीचा प्रश्न. गेम खेळताना दोन तास हलत नाही, मग पुस्तक घेतलं की दोन मिनिटं का बसवत नाही? कारण गेम दर काही सेकंदांनी काहीतरी परत देतो, आवाज, पॉइंट, पुढची लेव्हल. पान काहीच देत नाही, सगळं धडा संपल्यावर, परीक्षा झाल्यावर. एडीएचडी असलेल्या मेंदूला लांबचं बक्षीस फारसं ओढत नाही, जवळचं ओढतं. खाली जे जे सांगणार आहे त्याचं मूळ इथेच आहे: वाचताना मुलाच्या हाताला काम पाहिजे आणि थोड्या थोड्या वेळाने त्याला काहीतरी परत मिळालं पाहिजे.

पायरी १: नेमकं कुठे अडतंय ते शोधा

लक्ष लागत नाही हे आपल्याला बाहेरून दिसतं, त्यामागची कारणं मात्र चार-पाच असू शकतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. लांबचं नीट दिसणाऱ्या मुलालाही जवळच्या अक्षरांवर दोन्ही डोळे एकत्र टिकवायला त्रास होत असू शकतो, अशी मुलं अक्षरं हलतात म्हणतात, डोळे चोळतात, एक डोळा झाकून वाचतात. दुसरं म्हणजे फिट्सचा एक प्रकार असतो ज्यात मूल पडत नाही की थरथरत नाही, फक्त काही सेकंद शून्यात बघतं, हाक मारली, हात लावला तरी भानावर येत नाही आणि मग जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. दिवसात बऱ्याचदा होऊ शकतं. तंद्री लागलेलं मूल हाकेला किंवा स्पर्शाला बहुतेक वेळा परत येतं, हे येत नाही. असं दिसलं तर थेट डॉक्टर, बाकी सगळं नंतर.

आणि तिसरं, सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारं, डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं आणि शब्द ओळखून वाचण्यातच येणारी अडचण. एडीएचडी असलेल्या मुलांपैकी चारात एकाला तरी, कदाचित त्याहून जास्त मुलांना, वाचनाचीही वेगळी अडचण असते. अक्षर ओळखण्यातच सगळी ताकद गेली तर लक्ष कशाने टिकणार? हे वेगळं काढायला एक सोपी चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. साधारण शंभर शब्दांचे, मुलाच्या इयत्तेचे, सारख्याच अवघडपणाचे आणि त्याने न वाचलेले तीन उतारे घ्या. पहिला त्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि चुका मांडून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुसरा उतारा तुम्ही वाचा, त्याने फक्त ऐकायचा आणि आपल्या शब्दांत सांगायचा. तिसऱ्या दिवशी तिसरा त्याने मनात वाचायचा आणि मग सांगायचा.

ऐकलेलं छान सांगितलं पण मोठ्याने वाचताना अडखळला, शंभरात दहापेक्षा जास्त शब्द चुकले, तर अडचण अक्षरांची आहे, डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्या आणि तोवर सोपा मजकूर द्या. वाचलं खणखणीत पण ऐकलेलंही आणि वाचलेलंही तुटक तुटक सांगितलं तर ऐकलेलं-वाचलेलं धरून ठेवायला जड जातंय, किंवा शब्दांचे अर्थच कळत नाहीयेत, तेही विचारून बघा. आणि मोठ्याने वाचलेलं ठीक, ऐकलेलं ठीक, फक्त मनातलं वाचन कोलमडतंय, तर तुमचं मूल खालच्या उपायांसाठी अगदी नेमकं आहे.

चुकांचा प्रकारही बघा. एकच शब्द वरच्या ओळीत बरोबर आणि खालच्या ओळीत चूक, शेवटचा प्रत्यय खाल्लेला, छोटे शब्द गाळलेले, अख्खी ओळच उडालेली, ‘परत’ दिसताच ‘परंतु’ वाचून टाकलेलं, या घाईच्या चुका. तेच जोडाक्षर प्रत्येक वेळी अडतंय, ऱ्हस्व-दीर्घ सोडा पण काना-मात्राच ओळखू येत नाहीत, तर मामला वेगळा. ही काही पक्की कसोटी नाही, पण तज्ज्ञांकडे जाताना ही नोंद नेलीत तर त्यांना खूप उपयोग होतो.

पायरी २: बसायची जागा

पहिल्या बाकावर बसवा हा सल्ला सगळेच देतात, पण पहिला बाक दाराशी असेल तर काही फायदा नाही, येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला दिसणार. तुमचा हात सहज खांद्यापर्यंत पोचेल अशी जागा, दार-खिडकी-पंखा यांपासून दूर, शेजारी शांतपणे आपलं काम करणारा मुलगा किंवा मुलगी. भिंतीकडे तोंड करून एकट्याला बसवू नका, बाकीच्या मुलांना ती शिक्षा वाटते आणि त्यालाही.

हलण्याबद्दल मात्र आपल्याला मत बदलावं लागेल. नीट बस, हलू नकोस, असं सांगून आपण त्याचं सगळं लक्ष न हलण्यावर खर्च करून टाकतो आणि मग वाचायला काही उरत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एडीएचडी असलेली मुलं जितकी जास्त हलत होती तितकं त्यांना माहिती डोक्यात धरून ठेवायचं काम चांगलं जमत होतं, आणि बाकीच्या मुलांचं बरोबर उलटं झालं. तेव्हा उभं राहून वाचू दे, पाय हलवू दे, हातात रबराचा चेंडू दाबायला दे. नियम एकच, हात गुंतलेला चालेल पण डोळे मोकळे पाहिजेत. फिरणाऱ्या, चमकणाऱ्या खेळण्यांकडे डोळे जातात, म्हणून ती नकोत.

पायरी ३: पान लहान करा

पूर्ण भरलेलं पान बघूनच ही मुलं हरतात. त्यामुळे मजकूर कमी न करता तो दिसायला कमी करायचा. एक जाड कोरा कागद पट्टीसारखा कापा. बहुतेक लोक तो ओळीच्या खाली धरतात, मी म्हणते ओळीच्या वर धरा, वाचून झालेलं झाकत खाली या. खाली धरला की पुढची ओळ झाकली जाते आणि ओळ संपून डोळे पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाताना अडतात, वर धरला की पुढचं मोकळं राहतं आणि मागे भरकटायला जागा राहत नाही. ज्या मुलांना एका वेळी एकच ओळ लागते त्यांच्यासाठी कागदात एका ओळीइतकी खिडकी कापा.

मग पेन्सिलने थांबे टाका. किती अंतरावर टाकायचे? त्यासाठी आधी दोन-तीन दिवस काही न बोलता फक्त बघा की मूल साधारण किती वेळाने सुटतं, म्हणजे नजर उठते, पान चाळलं जातं, पेन्सिल कुरतडली जाते. समजा चार मिनिटांनी सुटतं, तर पहिला थांबा तीन मिनिटांवर टाका. हे फार महत्त्वाचं आहे, सुटण्याच्या आधी थांबायचं, म्हणजे प्रत्येक टप्पा जमला म्हणून संपतो, फसला म्हणून संपत नाही. आठवडाभर सहज जमलं की थोडं वाढवा. वाढवायची घाई नको, एखाद्या दिवशी मूल थकलेलं असेल तर कमीही करा, त्यात काही बिघडत नाही.

पानावर खूप चित्रं, चौकटी, रंगीत पट्ट्या असतील तर वाचताना त्या झाका, चित्रं आधी किंवा नंतर बघू दे. शक्य असेल तर उतारा मोठ्या अक्षरात, दोन ओळींमध्ये जास्त जागा सोडून प्रिंट करून द्या, देवनागरीत वर-खाली मात्रा आणि उकार असल्यामुळे दाटीवाटीच्या ओळी जास्तच गोंधळात टाकतात. रंगीत प्लॅस्टिकचे कागद किंवा रंगीत चष्मे वाचन सुधारतात म्हणून विकले जातात, त्याला भरवशाचा पुरावा नाही, त्यावर पैसे घालवू नका.

पायरी ४: हाताला काम द्या

नुसतं वाच असं सांगितलं की या मुलांना त्या कामाचा शेवट कुठे आहे तेच कळत नाही. वाचायच्या आधी एकच प्रश्न द्या आणि तो कागदावर लिहून समोर ठेवा, तोंडी दिलेला प्रश्न दोन ओळींत विसरला जातो. प्रश्न असा पाहिजे की उत्तर शोधावं लागेल. ‘या उताऱ्यात काय सांगितलंय’ हा प्रश्न फार मोठा होतो, ‘राजाने घोडा का परत केला’ हा चालतो.

मग वाचताना समासात खुणा. सुरुवातीला दोनच: कळलं तिथे बरोबरची खूण, नाही कळलं तिथे प्रश्नचिन्ह. परिच्छेद संपला की खूण करायचीच, त्याशिवाय पुढे जायचं नाही. दिसायला एवढीशी गोष्ट आहे, पण तेवढ्यासाठी मुलाला स्वतःला विचारावं लागतं की मला कळलं का, आणि मन भटकलं असेल तर तिथेच पकडलं जातं, धडा संपल्यावर नाही. दोन खुणा अंगवळणी पडल्या की तिसरी घ्या, महत्त्वाचं वाटलं तिथे चांदणी.

महत्त्वाचं काय हे ओळखणं मात्र या मुलांना खास करून जड जातं. २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की एडीएचडी असलेल्या मुलांना गोष्ट परत सांगताना बाकीच्या मुलांपेक्षा मुख्य मुद्दे कमी आठवतात, बारीकसारीक गोष्टींमध्ये फरक तेवढा नसतो. आपल्यालाही वर्गात हेच दिसतं की, कुत्र्याच्या पट्ट्याचा रंग सांगतील पण कुत्रा हरवला होता हे सांगायचं राहील. त्यामुळे प्रत्येक थांब्यावर दोनच गोष्टी विचारा: कोणाबद्दल आहे आणि त्याचं काय झालं. उत्तर एका वाक्यात, बोलून. लिहायला लावलं की सगळी शक्ती अक्षर काढण्यात जाते, म्हणून सुरुवातीला बोलूनच, हवं तर तुम्ही लिहून घ्या. काही मुलांना बोलण्यापेक्षा पटकन रेघांचं चित्र काढणं सोपं जातं, तेही चालेल, पण अर्ध्या मिनिटाचं चित्र, रंगवत बसायचं नाही.

हायलायटर दिलात तर पूर्ण पान पिवळं होऊन येईल. देऊच नका असं नाही पण नियम करा, परिच्छेद पूर्ण वाचल्यावरच उचलायचा आणि एका परिच्छेदात एकच ओळ रंगवायची. कोणती एक, यावर दोन मिनिटं बोललात तर तीच वाचन समजण्याची खरी प्रॅक्टिस आहे.

गणितातली शाब्दिक उदाहरणं आणि पेपरातल्या सूचना यांनाही हेच लागू. सूचनेतल्या प्रत्येक कृतीला नंबर घालायला शिकवा, ‘वाचा, अधोरेखित करा आणि कारण लिहा’ यात तीन कामं आहेत, तीन नंबर पडले पाहिजेत. कितीतरी मार्क नुसते तिसरं काम विसरल्यामुळे जातात.

पायरी ५: वर्गात वाचन कसं घ्यायचं

एकेकाने उभं राहून एकेक परिच्छेद वाचायचा ही पद्धत या मुलांसाठी सगळ्यात वाईट. आपला परिच्छेद कितवा हे मोजून ठेवतात, तो येईपर्यंत काही ऐकत नाहीत, आला की घाबरून वाचतात, झाला की पुन्हा गेले. त्याऐवजी जोडीने वाचन घ्या. एकाने परिच्छेद वाचायचा, दुसऱ्याने एका वाक्यात सांगायचं, मग अदलाबदल. दोघांनाही प्रत्येक मिनिटाला काहीतरी करावंच लागतं. जोडी लावताना वाचनात किंचित पुढे असलेलं मूल निवडा, वर्गातलं सगळ्यात हुशार नको, ते अधीर होतं आणि आपल्या मुलाच्या तोंडातला शब्द काढून घेतं.

अडखळत वाचणाऱ्यांसाठी तोच छोटा उतारा तीन-चार वेळा वाचणं फार कामाचं आहे. पन्नास ते शंभर शब्द, पहिल्यांदा तुम्ही वाचून दाखवा, मग दोघांनी मिळून, मग त्याने एकट्याने. प्रत्येक वेळी लागलेला वेळ किंवा चुका एका तक्त्यावर मांडा, मुलाला स्वतःचाच आकडा सुधारताना दिसतो आणि तेच त्याचं जवळचं बक्षीस. इतर मुलांशी तुलना मात्र कधीच नको. आणि ज्याची गाडी मनातल्या वाचनातच घसरते त्याला कुजबुजत वाचू द्या, स्वतःचा आवाज कानावर पडत राहिला की मन जागेवर राहायला मदत होते.

ऑडिओ लावून पुस्तकात बोट फिरवत वाचणंही चांगलं, विशेषतः मोठ्या इयत्तांत जिथे इतिहास-विज्ञानाचे धडे लांबलचक असतात. त्यामुळे मूल आळशी होत नाही, धड्यातली माहिती तरी पोचते. फक्त वाचायला शिकवायचा तास वेगळा ठेवा, तिथे ऑडिओने काम भागवू नका.

पायरी ६: वेळ आणि ब्रेक

दहा मिनिटं वाच म्हटलं की दहा मिनिटं म्हणजे किती याचा अंदाज या मुलांना खरंच येत नाही. वाळूचं घड्याळ किंवा रंगीत भाग कमी कमी होत जाणारा टायमर समोर ठेवा, म्हणजे वेळ डोळ्यांना दिसतो. काही मुलांना टायमरचं टेन्शन येतं, ती वाचायचं सोडून त्याच्याकडेच बघत बसतात, त्यांच्यासाठी वेळ नको, थांबेच पुरे.

ब्रेक हलण्याचा असावा आणि त्याला शेवट असावा. वह्या वाटून ये, फळा पूस, पाणी पिऊन ये, दोन-तीन मिनिटांत संपणारं काम. घरी ब्रेकमध्ये फोन कधीच देऊ नका, त्यावरून परत पुस्तकाकडे आणणं जवळपास अशक्य होतं आणि मग भांडण. आणि एक हात जोडून विनंती, वाचन अपूर्ण राहिलं म्हणून मधली सुट्टी किंवा खेळाचा तास कापू नका. ज्या मुलाला हलण्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचंच हलणं आपण काढून घेतो, आणि पुढचे तास आणखी अवघड होतात.

पायरी ७: टोकणं कमी, खुणा जास्त

सगळ्या वर्गासमोर नाव घेऊन टोकलं की मूल वाचनाकडे येत नाही, लाज आणि रागाकडे जातं. दोघांमध्येच एक खूण ठरवा, बाकाच्या कोपऱ्यावर बोट टेकवणं, जवळून जाताना ओळीवर बोट ठेवणं. ही खूण मुलालाच निवडू दे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे मुलाने स्वतःच स्वतःला तपासणं, छोट्या कार्डावर काही चौकोन काढा, दर तीन-चार मिनिटांनी तुमची हलकी खूण झाली की त्याने लिहायचं, मी या क्षणी वाचत होतो की नव्हतो. नव्हतो लिहिलं तरी शाबासकी, कारण प्रामाणिकपणे ओळखलं. थोड्या दिवसांत ‘होतो’ वाढायला लागतात.

शाबासकी लगेच द्या आणि नेमकी द्या. गुड बॉय यातून त्याला काहीच कळत नाही, ‘न कळलेल्या ओळीला तू प्रश्नचिन्ह केलंस आणि परत वाचलीस, हे मस्त केलंस’ यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. शाळा आणि घर जोडायला रोजचं छोटं कार्ड चालवा, त्यावर दोन, फार तर तीन गोष्टी, अशा की पाचपैकी चार दिवस तरी जमतील. उदाहरणार्थ: थांब्यांवर खुणा केल्या, पुस्तक वेळेत उघडलं. घरी त्यावर लगेच छोटं काहीतरी मिळावं, आवडता खेळ, दहा मिनिटं जास्त गप्पा. महिन्याच्या शेवटी सायकल हे बक्षीस या वयात आणि या मेंदूला फार लांब पडतं.

पायरी ८: घरची बाजू, झोप आणि औषध

६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. कमी झोपलेलं कुठलंही मूल एडीएचडीसारखंच वागतं, एडीएचडी असलेल्याचं तर विचारूच नका, म्हणून बाकी प्रयोगांआधी झोप सरळ करा. साखरेने मुलं चेकाळतात असं सगळे म्हणतात, पण १९९५ साली बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा मुलांच्या वागण्यावर साखरेचा असा परिणाम दिसला नव्हता, तेव्हा त्यावरून घरात वाद नकोत.

औषधाबद्दल पालक खूप घाबरलेले असतात आणि ते साहजिक आहे. निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्या, शिक्षकांनी औषध सुरू करा किंवा बंद करा असं कधीच सुचवू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांना वागणूक हाताळायचं प्रशिक्षण, आणि त्यापुढच्या मुलांसाठी औषधाबरोबर वागणुकीवरचे उपाय आणि शाळेची मदत असं सांगितलंय. औषधाने मूल बसायला लागतं, वाचायला घेतलेलं सोडत नाही, पण न येणारं जोडाक्षर गोळीने येत नाही, ते शिकवावंच लागतं. वेळेचाही विचार करा, मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाची साधी गोळी साधारण ४ तास काम करते, हळूहळू सुटणारी ८ ते १२ तास. सकाळी साधी गोळी घेतलेल्या मुलाला संध्याकाळी सात वाजता धडा वाचायला बसवून हा ऐकत नाही म्हणणं अन्याय आहे. डॉक्टरांना गोळीचा परिणाम किती वाजेपर्यंत राहतो ते विचारा आणि वाचन त्या वेळेत बसवा, शाळेनेही भाषेचा अवघड तास जमेल तसा त्या वेळेत ठेवावा.

घरचं वाचन थोडं ठेवा, पण रोज. दिवसभर शाळेत ताण काढून आलेल्या मुलाला घरी पुन्हा तासभर पुस्तकापुढे धरून ठेवलं तर वाचन म्हणजे भांडण हे समीकरण पक्कं होतं. एक टप्पा त्याने वाचायचा, एक तुम्ही, आणि विषय त्याच्या आवडीचा, मग ते क्रिकेटचे स्कोअर असोत, डायनासोर असोत की कॉमिक्स. कॉमिक्स म्हणजे वाचन नाही असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

पायरी ९: नोंद ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला

उत्साहात पट्टी, टायमर, कार्ड, जागा सगळं एकाच सोमवारी सुरू केलंत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही, आणि मूलही गांगरेल. एक बदल, दोन आठवडे, मग पुढचा. नोंद अगदी साधी: तारीख, काय वाचलं, किती वेळ टिकलं, किती वेळा खूण करावी लागली, थांब्यावर मुख्य गोष्ट सांगितली का. एवढंच. सुरुवातीला एखादी युक्ती नवी म्हणून मस्त चालते आणि तिसऱ्या आठवड्यात बंद पडते, हे या मुलांच्या बाबतीत व्हायचंच, त्याने खचू नका, खुणेचा प्रकार बदला, जोडीदार बदला, बक्षीस बदला, मूळ पद्धत तीच ठेवा. दोन-तीन महिने नीट करूनही काहीच हलत नसेल तर पहिल्या पायरीवर परत या, बहुतेक वेळा तिथे काहीतरी तपासायचं राहिलेलं असतं.

परीक्षेसाठी जास्तीचा वेळ मिळत असेल तर तो नुसता देऊन भागत नाही, भटकायलाच जास्त वेळ मिळतो. त्याबरोबर शांत खोली, मध्ये छोटा ब्रेक, आणि पेपर भागांमध्ये वाटून देणं हेही मागा. उताऱ्याच्या प्रश्नात आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा, ही सवय वर्षभर लावलेली असली पाहिजे, परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगून होत नाही.

आणि वर्ष संपताना एक पान लिहून पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांच्या हातात द्या. त्यात निदानाची भाषा नको, कामाची भाषा हवी: किती मिनिटांचा टप्पा जमतो, पट्टी लागते का, खूण कोणती ठरलीये, कुणाबरोबर जोडी चांगली जमते, कशाने चिडतो, आणि वाचनात त्याला काय मनापासून आवडतं. पालकांना आधी दाखवा, मुलालाही दाखवा, त्याला काही वाढवायचं असेल तर त्याच्या हाताने वाढवू द्या.